शिडाच्या जहाजाच्या मॉडेलचे दोर पुन्हा पुन्हा सैल पडतात? दोराआधी डोलकाठी तपासा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्लास्टिकच्या जहाजांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच असतं. जहाज बांधून काचेच्या कपाटात ठेवलं, काही महिन्यांत पुढचे दोर लोंबायला लागले. मालकानं ते ओढून पुन्हा बांधले, काही आठवड्यांनी परत लोंबले. तेव्हा आणखी जोरात ओढले, आणि आता डोलकाठीच वाकडी दिसतेय.

सैल दोर ओढून ताठ करायचा, हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि बहुतेक वेळा तोच नुकसान वाढवतो. दोर सैल पडतो कारण त्याचं एक टोक कुठंतरी सरकलेलं असतं. काय सरकलं ते सापडेपर्यंत दोराला हात लावू नका.

उदाहरणासाठी १:९६ प्रमाणातलं कटी सार्क घेतो, कारण हे किट अनेकांनी बांधलेलं असतं आणि हा दोष त्यात हमखास दिसतो. स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला १८६९ मध्ये बांधलेलं हे तीन डोलकाठ्यांचं चहावाहू जहाज आता लंडनमधल्या ग्रिनिचला आहे. व्हिक्टरी असो की कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे दुसरं कुठलंही शिडाचं जहाज असो, तपासण्याची रीत तीच.

लक्षणं

'रिगिंग सैल झालंय' एवढ्यावरून काही कळत नाही. यातलं नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहून घ्या:

- पुढे जाणारे स्टे लोंबतात, मागचे बॅकस्टे मात्र ताठ आहेत.
- डोलकाठी खालून सरळ आहे, वरचा तिसरा हिस्सा मागे झुकलाय.
- एका बाजूचे श्राउड ताठ, दुसऱ्या बाजूचे ढिले.
- एकच दोर सैल, शेजारचे सगळे व्यवस्थित.
- एका डोलकाठीचे सगळे दोर सारखेच ढिले.
- पावसाळ्यात एक अवस्था, थंडीत वेगळी.
- एक दोर ताणला की थोड्या दिवसांनी त्याच्या समोरचा सैल पडतो.

नवशिक्यांसाठी थोडक्यात: स्टे डोलकाठीला पुढे ओढून धरतो, श्राउड दोन्ही बाजूंना, आणि बॅकस्टे वरच्या भागाला मागे आणि खाली. हे कायमचे दोर. शिडं आणि यार्ड, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, हलवणारे दोर वेगळे. ते थोडे लोंबले तर बिघडत नाही, खऱ्या जहाजावरही ते लोंबतात. ही पोस्ट कायमच्या दोरांबद्दल आहे.

हे होतं कशामुळे

मांडवाचा खांब चारी बाजूंच्या दोरांनी उभा असतो, तशीच डोलकाठी. एका बाजूचा ताण वाढला की खांब तिकडे कलतो आणि समोरचा दोर ढिला पडतो. फरक एवढाच की आपला खांब पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या कडक प्लास्टिकचा आहे, आणि पॉलिस्टायरीनवर सतत ताण राहिला तर ते हळूहळू तसंच वाकून बसतं. ताण काढला तरी पूर्ण परत येत नाही.

खऱ्या कटी सार्कची मधली डोलकाठी सुमारे ४६ मीटर उंच आहे. १:९६ मध्ये ती साधारण ४८ सेंटीमीटर होते, आणि टोकाकडे तिची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरते. त्यात दुपारी ३९ अंश आणि रात्री एसी लावून २४ अंश असा खोलीचा दिनक्रम असेल, तर एवढ्या लांबीचं पॉलिस्टायरीन रोज साधारण अर्धा मिलिमीटर लांबतं आणि आखडतं. ताणून बनवलेला नायलॉन-पॉलिस्टरचा धागा उष्णतेत तसा लांबत नाही, उलट किंचित आखडतो. म्हणजे दुपारी डोलकाठी वाढू पाहते आणि दोर तिला वाढू देत नाहीत. तापलेलं प्लास्टिक त्या ओढीपुढे थोडं नमतं. रात्री सगळं थंड झालं की दोर ढिला. असं दोन-तीन उन्हाळे झाले की बाक डोळ्यांना दिसतो.

आता तपासण्या. आधी फुकटातल्या, मग कष्टाच्या. क्रम मोडू नका, कारण शेवटच्या तपासणीला पोहोचलात तर जहाज अर्धं उघडावं लागतं.

जागा

कपाटावर दिवसातून कधीही थेट ऊन येतं का? कपाटात पिवळा हॅलोजन दिवा आहे का? टीव्हीच्या वर, फ्रिजच्या मागच्या बाजूला, देवघराच्या समईशेजारी ठेवलंय का? पॉलिस्टायरीन पुरतं मऊ व्हायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण ताणाखाली वाकायला त्याच्या कितीतरी खालचं पुरतं. बंद काचेच्या पेटीत ऊन आलं तर आतली हवा खोलीपेक्षा बरीच तापते. बाकी सगळी दुरुस्ती उत्तम केली आणि जहाज परत त्याच उन्हात ठेवलं, तर दोष परत येणारच.

जागा बदला आणि महिनाभर काहीही न करता बघा. दोष वाढायचा थांबला तर निम्मं निदान झालं. कडक उन्हानं नायलॉनचा धागाही कुजतो, त्यामुळे जागा बदलणं तसंही हवंच.

नजर आणि फोटो

जहाजाच्या बरोबर बाजूला, डोलकाठीच्या अर्ध्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढा. थोडं लांबून, झूम करून काढा, म्हणजे कडा वाकड्या दिसत नाहीत. मग फोटोवर पट्टी ठेवा. समोरूनही तसंच करा.

इथं एक सावधगिरी. मागे झुकलेली प्रत्येक डोलकाठी दोषी नसते. कटी सार्कसारख्या क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्या मुळातच मागे कललेल्या असतात आणि तो कल किटच्या आराखड्यात दिलेला असतो. अख्खी काठी एका रेषेत कललेली असेल तर ठीक. खालून वर जाताना रेषा मोडत असेल किंवा वळत असेल तर दोष आहे. लोकांनी आराखडा न बघता डोलकाठी उभी सरळ करायचा प्रयत्न केलेली जहाजं माझ्याकडे आली आहेत आणि त्यांची दुरुस्ती सगळ्यात किचकट होते.

प्रत्येक दोर छेडून बघा

टूथपिकच्या टोकानं प्रत्येक कायमचा दोर मधोमध हलकेच दाबा. ताठ, बरा, सैल, अशा तीन खुणा आराखड्याच्या झेरॉक्सवर करत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यात दोष जवळजवळ स्वतःहून सापडतो:

स्टे सैल आणि बॅकस्टे ताठ असेल, तर काठी मागे ओढली गेलीय. मी पाहिलेल्या जहाजांत हेच सर्वाधिक. कारण सोपं आहे: बॅकस्टे प्रत्येक बाजूला अनेक असतात, स्टे एकेकटा असतो, आणि बांधणारा प्रत्येक दोर सारख्याच जोरानं ओढतो.

एकच दोर सैल असेल तर गाठ सुटलीय किंवा त्याची खुंटी निघालीय. बाकी जहाजाला हात लावायची गरज नाही.

एका डोलकाठीचे सगळेच सैल असतील तर काठी खाली बसलीय, किंवा धाग्यानं दमट हवेत अंग सोडलंय.

धागा कोणता आहे

ऋतूप्रमाणे लक्षणं बदलत असतील तर ही तपासणी महत्त्वाची. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी ती वगळू नये.

जहाज बांधताना उरलेला तोच धागा शोधा. नसेल तर जहाजाच्या कुठल्याशा टोकाशी लोंबणारा सेंटीमीटरभर तुकडा पुरे. थिनर, रंग आणि जहाज यांच्यापासून लांब, बेसिनवर, चिमट्यात धरून पेटवा. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. कागदासारखा जळून मऊ राख उरली तर सुती किंवा लिनन.

लांब तुकडा हाताशी असेल तर याहून चांगली परीक्षा आहे. ३० सेंटीमीटर धाग्याला खाली छोटी नट बांधून तो टांगा, लांबी मोजा, पाण्याचा फवारा मारा, पंधरा मिनिटांनी परत मोजा. पीळ दिलेला सुती धागा ओला झाला की जाड होतो आणि लांबीला आखडतो. नायलॉन ओलावा पिऊन सैलावतो. पॉलिस्टरला फारसं काही होत नाही: साधारण ६५ टक्के दमट हवेत सुती धागा वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरतो, नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

यातून एक गोष्ट कळते जी अनेकांच्या लक्षात येत नाही. सुती धाग्याचं जहाज दिवाळीनंतर सैल दिसतं, पण नुकसान झालेलं असतं जुलै-ऑगस्टमध्ये. पावसात धागा आखडतो, डोलकाठीला ओढतो, ती तीन महिने त्या ओढीखाली वाकत राहते. थंडीत हवा कोरडी होते, धागा मूळ लांबीवर येतो, आणि तोवर काठी सरकलेली असते. मालक डिसेंबरात दोर ताणून बांधतो. पुढच्या पावसात ओढ आणखी जास्त.

म्हणून सुती धाग्याचं जहाज कोरड्या दिवसांत बांधायचं असेल तर दोर किंचित ढिले ठेवा. नवीन धागा घेणार असाल तर पॉलिस्टर घ्या, आणि मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या. मेणानं धाग्याची लव बसते आणि ओलाव्याला थोडा अडसर होतो. फार मेण लावलं तर गोंद धरत नाही, तेव्हा दोन बोटांत कापड धरून जादाचं पुसून काढा.

दोर तापवून ताठ करायची अगरबत्तीची युक्ती तुम्ही ऐकली असेल. ती वितळवून ओढलेल्या प्लास्टिकच्या तारेसाठी आहे, विमानांच्या मॉडेलवर वापरतात. जहाजावर, जिथं शेजारी दुसरे पन्नास दोर आणि पातळ यार्ड आहेत, तिथं ती करू नका.

गाठी, खुंट्या, डेडआय

आता हात लावायची वेळ. भिंग आणि चांगला उजेड घ्या.

दोर जिथं संपतो ती प्रत्येक जागा टूथपिकनं हलकेच ढकलून बघा: डेकवरची कडी, खुंट्यांची पट्टी, आणि जहाजाच्या अंगावर बाहेर काढलेली फळी, जिच्यावर श्राउडचे डेडआय, म्हणजे दोर ओवायला भोकं असलेले गोल ठोकळे, बसतात. ही फळी दोराच्या ओढीनं वर उचकटलेली असते आणि वरून बघितलं तर कळतही नाही. खालून बघा, सांध्यात काळी रेघ दिसते.

असा सांधा निघण्याचं नेहमीचं कारण रंग. प्लास्टिक सिमेंट दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरीन विरघळवून एकजीव करतं. मध्ये रंगाचा थर असेल तर ते फक्त रंगाला चिकटतं, आणि रंग सुटला की सगळं सुटतं. दोन्ही बाजू ब्लेडनं खरवडून उघडं प्लास्टिक काढा, अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळी तारेची खीळ घाला, मग सिमेंट. दोराची ओढ ज्या सांध्यावर येते तिथं खीळ हवीच.

धाग्याला प्लास्टिक सिमेंट धरत नाही. झटपट चिकटणारा गोंद धरतो, पण धागा तिथं काचेसारखा कडक होतो आणि गाठीच्या कडेलाच तुटतो. शिवाय बंद पेटीत त्याची पांढरी वाफ काळ्या दोरांवर बसते. गाठ क्लोव्ह हिचची, म्हणजे दोन वेढ्यांची बांधा आणि वर पाण्यात पातळ केलेला फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावा. वाळल्यावर तो दिसत नाही, लवचिक राहतो, आणि नंतर सोडवायचा असेल तर ओल्या ब्रशनं मऊ पडतो.

हे शेवटचं फार मोलाचं आहे. खऱ्या जहाजांचे दोरही सैल पडत. हेम्पचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाचे दोर असलेल्या काळात तर खलाशांचं ते नेहमीचं काम होतं, आणि डेडआयच्या जोडीतून ओवलेली लॅनयार्ड ही बारीक दोरी त्यासाठीच असे: ती सोडायची, श्राउड ताणायचा, परत बांधायची. ती कशी ओवलेली असते हे पाहायचं तर ट्रिंकोमाली या जहाजाचे जवळून काढलेले फोटो शोधा. मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली १८१७ मध्ये मलबारी सागवानातून बांधलेलं हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलंय. आपण मॉडेलवर लॅनयार्ड कडक गोंदानं कायमची चिकटवून टाकतो आणि ताण कमी-जास्त करायची एकमेव सोय घालवतो. पांढरा गोंद वापरलात तर तुमचीही लॅनयार्ड खऱ्यासारखी सोडता-बांधता येईल.

किटमध्ये मऊ प्लास्टिकचा थर दिलेले तयार श्राउड असतील तर ते जिथं डोलकाठीला टेकतात तिथं नखानं दाबून बघा. मऊ विनाईलमधलं तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं आणि ती जागा चिकट, नरम होते. तशी झाली असेल तर श्राउड बदलावेच लागतील.

एक दोर सोडून बघा

काठी वाकलेली आहे, सांधे पक्के आहेत. आता प्रश्न एवढाच की काठी अजून जिवंत आहे का.

सगळ्यात ताठ बॅकस्टे निवडा, त्याची खालची गाठ ओल्या ब्रशनं मऊ करून सोडा. कापू नका. मग दुसऱ्या बाजूचा त्याच्या जोडीचा. एका बाजूचाच सोडून ठेवला तर काठी आडवी वाकते. एक रात्र तसंच राहू द्या.

सकाळी काठी सरळ झाली किंवा बरीच परत आली, तर प्लास्टिक ठीक आहे. फक्त ताणाची वाटणी चुकली होती. काठी तशीच वाकलेली राहिली, तर तिनं तो आकार धरलाय, आणि कितीही दोर ताणले तरी ती सरळ राहणार नाही. गरम पाण्यात धरून सरळ करायचा सल्ला मिळेल. तो सुट्या, रंग न दिलेल्या भागाला ठीक आहे. जहाजावर उभ्या असलेल्या काठीला गरम करायला जाऊ नका.

काठीचा पाया

काठी डेकच्या जागी चिमटीत धरून अगदी हलकेच हलवा. डेकमधल्या भोकात ती खेळत असेल तर वरचं सगळं गणित व्यर्थ आहे, कारण पायाशी अर्धा मिलिमीटर फरक पडला की टोकाशी तो कित्येक पटींनी वाढतो. टूथपिकच्या तासलेल्या पाचरी चारी बाजूंनी बसवा, काठी आराखड्याच्या कलात आणा, पाचरींवर पांढरा गोंद. खऱ्या जहाजांवरही इथं लाकडी पाचरीच असत.

काठी खाली बसली असेल, म्हणजे तळातला आधार तुटला असेल, तर डेक उघडल्याशिवाय तिथं पोहोचता येत नाही. इथं थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

काठी बदलणं

हे सगळ्यात कठीण काम. वरच्या पातळ भागानं बाक धरला असेल तर तो बदला. पितळी सळई उत्तम. नाहीतर बांबू: कबाबच्या काड्यांमधून सरळ, गाठ नसलेली काडी निवडा, पॉलिश पेपरनं निमुळती करा. बांबू सरळ राहतो, ताण सोसतो आणि जवळजवळ फुकट मिळतो. जाड खालच्या काठ्या बहुतेक किटमध्ये दोन अर्धुकांच्या पोकळ असतात. अजून जोडल्या नसतील तर आत धातूची सळई घालूनच जोडा. खऱ्या कटी सार्कच्या खालच्या डोलकाठ्या लोखंडीच होत्या.

पुन्हा दोर लावताना खालून वर जा. आधी मधल्या रेषेतला स्टे, मग श्राउड एक उजवा एक डावा असे, मग वरचा टप्पा. बॅकस्टे सर्वांत शेवटी, सर्वांत कमी ताणाचे. गाठ बांधण्याआधी प्रत्येक दोराच्या मोकळ्या टोकाला एकसारखा छोटा चिमटा लटकवा. सगळ्यांवर वजन सारखं, म्हणजे ताण सारखा. हाताच्या अंदाजावर काही उरत नाही. बॅकस्टेला त्याहून हलका चिमटा. दोर सरळ दिसला की पुरे, टूथपिकनं दाबल्यावर एक-दोन मिलिमीटर दबला पाहिजे. न दबणारा दोर पुढच्या उन्हाळ्यात डोलकाठी वाकवेल.

कुठे थांबायचं

यातलं काही दिसलं तर पुढे जाऊ नका. अनुभवी मॉडेलकाराला किंवा, वस्तू जुनी आणि मोलाची असेल तर, संवर्धकाला दाखवा:

- प्लास्टिक बोटानं दाबल्यावर कडकडतं, बारीक जाळीदार भेगा दिसतात. ताण बदलताच ते फुटेल.
- पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हे जुनं सेल्युलोज ॲसिटेट असू शकतं. ते विघटत जातं, शेजारच्या वस्तूंनाही बाधतं. इतर मॉडेलपासून वेगळं ठेवा, गोंद-रंग काहीही लावू नका.
- जहाजाचं अंगच पिळवटलंय किंवा दोन अर्धुकांचा सांधा उघडलाय. दोर ताणल्यानं तो आणखी उघडतो.
- डोलकाठीचा तळातला आधार तुटलाय आणि डेक पक्का चिकटवलेला आहे.
- मॉडेल वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेलं आहे आणि त्यांच्या हाताच्या गाठी तशाच ठेवायच्या आहेत. त्या गाठी एकदा सोडल्या की गेल्या. संवर्धक त्या न सोडता आधार देऊ शकतो.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलावस्तू संवर्धन केंद्र आहे. अशा वस्तूसाठी कुणाकडे जावं, याची चौकशी तिथून सुरू करता येईल.

जहाज दुसऱ्याकडे देण्याआधी सैल दोर कापू नका, लोंबते ठेवा. कुठला दोर कुठून कुठे जात होता हे त्यावरूनच कळतं. चारी बाजूंनी आणि वरून फोटो काढा. पडलेली प्रत्येक कडी, डेडआय, यार्डचा तुकडा झाकणाच्या डबीत ठेवून जहाजासोबत द्या, आणि आराखडा असेल तर त्यावर तुम्ही केलेल्या ताठ-सैलच्या खुणांसकट तोही द्या. नेताना जहाज पायथ्याशी धरा आणि खोक्यात डोलकाठ्यांभोवती काहीही कोंबू नका. खोकं उंच घ्या, तळाला फळीवर जहाजाचा स्टँड बांधा आणि वरचा भाग मोकळा सोडा.